सतरा नंबरची लादी

रस्त्यातलं सगळ्यांना सगळं कळतं. डॉक्टरला कुणी इंजेक्शन कुठं टोचायचं ते सांगत नाही, पण मी खड्डा भरायला बसलो की येणारा-जाणारा सायकल टेकवून दोन मिनिटं उभा राहायचा आणि खडी कशी पसरायची ते मला शिकवून जायचा. तीस-बत्तीस वर्षं ही शिकवणी मी फुकटात घेतली. पहिली काही वर्षं गँगमध्ये घमेलं उचललं, मग मुकादम झालो. मुकादम म्हणजे दहा-बारा मजुरांवर ओरडणारा माणूस, आणि साहेब आले की त्यांचं ओरडणं ऐकून घेणारा. रामनगरपासून कॅसलरॉकपर्यंत आणि इकडं जोयड्याच्या वळणांपर्यंतचा बराचसा रस्ता असा माझ्या हाताखालून गेला.

या कामात गिऱ्हाईकं नसतात असं लोकांना वाटतं. असतात. कॅसलरॉकच्या वाटेवर एकदा सकाळी जाऊन बघतो तर आदल्या दिवशीच्या ताज्या डांबरात गव्याची खुरं उमटलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी सरळ रेषेत. साहेब म्हणाले, पुन्हा करा. आम्ही पुन्हा केलं. गवा पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, साहेब, वाट त्याची आहे, मधे आपण आलोय. ती खुरं पुढं तीन-चार वर्षं तशीच होती आणि शाळेची पोरं मुद्दाम त्यात पाय ठेवून चालायची. दुसरं गिऱ्हाईक एक चहावाला. त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "मुकादम, सगळे खड्डे बुजवा, माझ्या दुकानाम्होरचा तेवढा ठेवा. ट्रक तिथं हळू हुत्यात, मग डायव्हरला चहाचा वास येतोय." मी बुजवला. तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

पण सांगायचं आहे ते निवृत्तीनंतरच्या एका कामाचं. ना हजेरी, ना गँग, ना साहेब. गेल्या उन्हाळ्यात पंचायतीनं ठरवलं की रामनगरच्या बाजारपेठेचा रस्ता कसा आहे हे तिथं राहणाऱ्या माणसांनीच चालून बघावं आणि लिहून द्यावं, म्हणजे पावसाच्या आधी दुरुस्तीला काय घ्यायचं ते ठरेल. मला वाटलं, चला, इतकी वर्षं लोक फुकट सल्ला देत होते, आता लेखी देतील.

तिघं जण पुढं आलो. एक मी. दुसऱ्या सुलोचनाबाई, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या बाजारपेठेला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळं त्या समोरून आल्या की पन्नाशीचे दुकानदारही तोंडातला तंबाखू आधी थुंकून येतात. तिसरा बाळूअण्णा, हार्डवेअरवाला. त्याचे आजोबा खानापूरकडून आले आणि इथलेच झाले. बाळूअण्णाचा स्वार्थ उघड होता आणि अण्णा तो लपवतही नव्हता. दर पावसाळ्यात गटाराचं पाणी त्याच्या दुकानात शिरायचं, सिमेंटच्या पिशव्या भिजायच्या, आणि तो पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून सगळ्या जगाला बोल लावायचा. आमचा भाग कर्नाटकातला, म्हणून फॉर्म कन्नडमध्ये, चर्चा मराठीत आणि भांडण दोन्हींत, अशी आमची पाहणी सुरू झाली.

रस्ता कसा बघायचा ते सांगतो, कारण डोळे असले म्हणजे बघता येतं असा समज आहे. रस्त्याचा वैरी ट्रक नव्हे, पाणी. म्हणून आधी पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते बघायचं. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण भिंतींवर चिखलाची जुनी रेघ असते, तिच्यावरून पाणी कुठवर चढलं ते कळतं. मग माणसं बघायची. स्कूटरवाले कुठं उगाच वळतात, तिथं खड्डा आहे. डोक्यावर ओझं घेतलेली बाई कुठं पाऊल आखडते, तिथं लादी हलते. सुलोचनाबाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "परशराम, तुम्ही शाळेत एवढं लक्ष दिलं असतंत तर?" मी त्यांचा विद्यार्थी कधीच नव्हतो, पण मान खाली घातली.

नंबर टाकायची कल्पना माझी. फॉर्मवर लिहिलेली जागा पुढं सापडली पाहिजे, म्हणून जिथं काही बिघडलंय तिथं नंबर टाकायचा. बाळूअण्णानं दुकानातला लाल ऑइलपेंट दिला. पायऱ्या, गटारावरच्या लाद्या, दिव्याचे खांब, बसस्टँडचा कठडा, असे एकेचाळीस नंबर आम्ही एका दुपारी टाकले. सतरा नंबर पडला तो बाळूअण्णाच्या दुकानाच्या उताराकडच्या अंगाला, गटारावर टाकलेल्या एका मोठ्या लादीवर. त्या लादीवर जनाक्का बसायची.

जनाक्का कुंभारवाडा गावाकडची. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. बाजाराच्या दिवशी पहिल्या बसनं टोपली घेऊन उतरायची आणि त्या लादीवर पोतं अंथरून बसायची. कोकमाची सोलं, नाचणी, हंगामात कंदमुळं, आणि बारा महिने पत्रावळीची पानं. लग्नकार्य असलं की लोक आधी तिला सांगून ठेवत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गोव्याला. ती लादी म्हणजे तिचं दुकान, तिची चावडी आणि आठवड्यातून एकदा माणसांत यायची जागा. बाळूअण्णाचं म्हणणं असं की तिच्या पानांचा कचरा लादीखाली जातो, गटार तुंबतं आणि पाणी त्याच्या दुकानात येतं. आणि हे म्हणणं त्याचं एकट्याचं नव्हतं. नोकरीत असताना दोन-तीनदा लोकांनी मला विचारलं होतं, गटार कशानं तुंबतं, आणि मीच सांगितलं होतं, पानांनी. सुलोचनाबाईंनी फॉर्मवर सतरा नंबरपुढं लिहिलं: कारण, पानांचा कचरा. उपाय, वरची बैठक हटवणे.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी पेठेत गेलो आणि काय झालंय ते मला कळेना. न्हाव्यानं त्याच्या पायरीवर गोणपाट टाकलं होतं. पिठाच्या गिरणीवाल्यानं नंबरावर रांगोळी काढली होती, सण नाही, वार नाही, काही नाही. भांडीवाला रॉकेलचा बोळा घेऊन बारा नंबर घासत बसला होता आणि मला बघून म्हणाला, "मुकादम, आमचा नंबर चुकून पडलाय, शेजारच्याला टाका." शेजारी हे ऐकून बाहेर आला. त्या दोघांचं सोडवता सोडवता माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या जोयडा तालुक्यात लाल नंबर कशावर पडतो? तोडायच्या झाडावर. जंगलात मार्किंग होतं, नंबर पडतो, आणि मग कुऱ्हाड येते. माझा बाप जन्मभर तेच काम करत होता. नंबर असलेलं झाड पाडायचं, नसलेल्याला हात लावायचा नाही, हे मला चालता येण्याआधी माहीत असणार. आणि मीच भर बाजारात लाल रंगाचा डबा घेऊन फिरलो. पेठेतल्या निम्म्या लोकांचे बापजादे जंगलातल्या कामावर गेलेले, त्यांनी काय समजायचं?

दुकानदारांची समजूत दोन तासांत घातली. पण सतरा नंबरच्या लादीवर कुणी नव्हतं. पानवाला म्हणाला, "आली हुती की जनाक्का. टोपली डोस्क्यावरनं खाली घेतली न्हाई. नंबर बघितला, तशीच माघारी फिरली, त्याच बसनं."

त्या दिवशी दुपारी आम्ही गुलालाची परीक्षा घेतली. ही माझ्या धंद्यातली जुनी रीत. गटार कुठं अडतं ते कळत नसलं की वरच्या अंगाला पाण्यात रंग कालवून सोडायचा आणि तो खाली कुठं निघतो ते बघायचं. बाळूअण्णानं दुकानापुढं नळी लावली, मी गुलालाची पुडी सोडली. पाणी सतरा नंबरच्या लादीखाली गेलं. आम्ही पलीकडं जाऊन उभे राहिलो. पलीकडं काही येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि मागून सुलोचनाबाईंचा शांत आवाज आला, "बाळू, तुझ्या दुकानात बघ." गुलाबी पाणी उलटं फिरून त्याच्या उंबऱ्यावरून आत निघालं होतं, गेल्याच महिन्यात बसवलेल्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर. बोलण्यासारखं बाळूअण्णाजवळ पुष्कळ होतं, पण सुलोचनाबाई उभ्या होत्या.

"पानं," तो शेवटी म्हणाला. "काढा ती लादी, दाखवतो."

पहारीनं लादी उचलली. पान एकही नाही. गाळ, दोन बाटल्या, एक रबरी चप्पल, आणि बाळूअण्णाच्याच दुकानची सिमेंटची फाटकी पिशवी. ती त्यानं पायानं हळूच बाजूला सारली. "मग तुंबतंय कशानं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. मी वाकलो, गाळ हातानं सारला आणि लादीखालून पलीकडं जाणाऱ्या पाइपाचं तोंड मोकळं केलं. पाइपाच्या कडेला विटांऐवजी कौलांचे तुकडे बसवलेले होते.

ते तुकडे मी ओळखले. त्या दिवशी विटा कमी पडल्या होत्या, म्हणून शेजारच्या पडक्या घराची कौलं फोडून मीच ती बसवली होती. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी जत्रा होती, रस्ता मोकळा करायचा होता. पाइप टाकताना उतार बघायचा असतो, म्हणजे पाणी भरलेली नळी घ्यायची, दोन टोकांना दोन माणसं, पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीला थांबतं, त्यावरून खालचं-वरचं मोजायचं. नळी आणायला माणूस पाठवावा लागला असता. मी म्हटलं, कशाला, माझी नजर आहे की. गँगमध्ये माझ्या नजरेची कीर्ती होती. आता बघितलं तर पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा चांगलं चार बोटं वर होतं. पाण्याला चढ चढायला लावला होता मी, आणि वीस पावसाळे ते बिचारं चढत होतं.

बाळूअण्णाला कळलं नव्हतं, बाईंना कळलं नव्हतं. मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, "उद्या बघू." जन्मभर साहेबांच्या तोंडून ऐकलेला शब्द, त्या दिवशी मी वापरला.

दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्याची बस धरली. तिकडं बसा मोजक्या, चुकली की दिवस गेला. जनाक्का अंगणात सोलं वाळत घालत होती. मला बघून तिनं नाचणीची आंबील आणून दिली, ये म्हणाली नाही की का आलास म्हणाली नाही.

"जनाक्का, त्यो नंबर तोडायचा न्हवं," मी म्हटलं. "नुस्ता मोजायला टाकलाय."

"मोजायलाच टाकत्यात रं," ती म्हणाली. "झाडावर बी मोजायलाच टाकत्यात. सुप्याचं धरान झालं तवा माझ्या बाच्या घरावर बी मोजायलाच टाकला हुता. मोजून झाल्यावर काय ऱ्हातंय?"

यावर मी आंबील प्यालो. दुसरं काय करणार. मग ती मला परसात घेऊन गेली. खताच्या खड्ड्याशेजारी एक पोतं होतं, पानांच्या देठांनी आणि चुऱ्यानं भरलेलं. "ह्ये बघ. बाजारातला सगळा कचरा दर खेपेला पोत्यात भरून बसनं घरी आणतो आमी. कंडक्टर वराडतोय, तरी आणतो. एक पान तुमच्या गटारात टाकलं न्हाई. अण्णाला सांग जाऊन."

त्याच वेळी मला सांगता आलं असतं. दोघंच होतो, ऐकायला कोंबड्या. पण मी एवढंच म्हटलं, "परवा पंचायतीत सभा हाय. तू यायचंस. माझी शप्पत." ती म्हणाली, "सभेत माझं काय काम? नंबर तर पडला." परतीच्या बसमध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की गँगमधल्या कुठल्याही मजुराला तेवढ्या दिल्या नसतील.

सभेला पेठ लोटली होती, कारण नंबरांची धास्ती पूर्ण गेली नव्हती. जनाक्का आली आणि मागं दाराजवळ, निघून जाता येईल अशी बसली. सुलोचनाबाई एकेक नंबर वाचत होत्या. सोळा झाला. सतरा आला. "कारण, पानांचा कचरा. उपाय, वरची बैठक," एवढं वाचून त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. बाईंना काहीतरी कळलं होतं. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला कोण काय लपवतंय ते कळतं.

मी उभा राहिलो. "कारण चुकीचं लिवलंय," मी म्हटलं. "पानांचं काय न्हाई. खालचा पाइप उलटा बसलाय. पलीकडनं चार बोटं वर. त्यो मी बसवलाय, नळी न लावता, नजरेनं. आणि पानं पानं म्हणून सांगत फिरलो ते बी मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "मुकादमाची नजर," आणि जो हशा उसळला तो काही थांबेना. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता. फक्त बाळूअण्णा हसत नव्हता. तो उठला, लोकांमधून वाट काढत दाराशी गेला आणि जनाक्कापुढं उभा राहिला. "अक्का, म्या लई बोललो तुला," तो म्हणाला. "काम हुईस्तोवर माझ्या पायरीवर बस. मधोमध बस." फरशीची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. ती म्हणाली, "गुलाबी फरशीवर न्हवं का?" आणि पुन्हा सगळी सभा हसली. सुलोचनाबाईंनी सतरा नंबरपुढचं सगळं खोडून नवीन लिहिलं आणि मला सही करायला लावली.

मला वाटलं, सुटलो. बाहेर आलो तर जनाक्का झाडाखाली माझीच वाट बघत होती.

"परशा," ती म्हणाली, "पाइप वाकडा बसला त्येचं मला काय न्हाई. हात कुणाचा बी चुकतोय. पर एका पावसाळ्यात मी तुला इचारलं हुतं, आठवतंय? तू छत्री घिऊन हुबा हुतास. मी म्हटलं, खरंच माझ्या पानांनी तुंबतंय काय रं, बघ की जरा. आनी तू खाली न वाकता व्हय म्हणालास."

मला आठवत नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं. तिनं मान हलवली आणि बस गाठायला गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कितीतरी लोकांना मी असं उभ्या उभ्या व्हय म्हणालो असेन.

पंचायतीनं ते काम लवकर घेतलं, पावसाच्या तोंडावर. मोठा पाइप आला. उतार बघायला मला बोलावलं, हे विशेष. मी नळी घेऊन गेलो, चांगली लांब, नवी. बाजाराचा दिवस होता. जनाक्का बाळूअण्णाच्या पायरीवर मधोमध बसली होती आणि बाळूअण्णा दुकानात कडेकडेनं जात-येत होता. नळीनं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. पाइप बसला. मजूर लादी टाकायला उचलणार, एवढ्यात जनाक्का उठून आली.

"थांबा रं," ती म्हणाली. "मुकादम, वाकून बघ."

भर पेठेत, सदऱ्यासकट, मी गटारात पोटावर आडवा झालो. या वयात खाली जाता येतं, वर येण्याची खात्री नसते. पाइपातून बघितलं तर पलीकडच्या तोंडाशी जनाक्काचा चेहरा. तीही पदर खोचून वाकली होती आणि तिकडून माझ्याकडं बघत होती.

"दिसतंय काय?"

"दिसतंय," मी म्हटलं.

"मग सोड पाणी."

बाळूअण्णानं बादली दिली. मी उठलो नाही, तसाच पडून हळूहळू ओतली आणि पाणी पाइपातून अंधारात जाताना बघत राहिलो. जरा वेळानं पलीकडून तिचा आवाज आला.

"आलं."